हरवलेली बाई बंगळूरूला जाऊन आल्याबाबत

मी दानम्मा भ्र. गुंडप्पा हलकुडे, वय ६६ वर्षे, धंदा भांड्यांचे दुकान, रा. लातूर. आज रोजी पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन समक्ष सांगते की, मी हरवल्याची खबर माझा मुलगा मल्लेश याने दिली आहे. मी हरवले नव्हते.

माझी मुलगी मंजुश्री बंगळूरूला राहते. तिने चार वर्षांपूर्वी आपल्या पसंतीने लग्न केले. तेव्हापासून मल्लेश तिचे नाव काढत नाही. तिला मुलगा झाला. दिनांक १८ रोजी आम्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचे होते. मठातून आणलेले लिंग माझ्यापाशी होते, आणि ते आजीनेच न्यायचे असे आमच्या घरात आहे. मी गाडी मागितली तर मल्लेश म्हणाला, "साडेसहाशे किलोमीटर हाय आई. चौदा तास. तुझ्या गुडघ्याला झेपायचं न्हाई." गुडघ्याचे त्याने खरे सांगितले. बाकीचे पोटात ठेवले.

त्या दिवशी सकाळी सव्वासहाच्या एसटीने मी नांदेडला गेले. बंगळूरू खाली आणि नांदेड उलट्या अंगाला, म्हणून मल्लेशने उदगीर-बिदरचा रस्ता पालथा घातला. त्याला मी काय करणार? लातूर ते नांदेड एकशे चाळीस किलोमीटरला साडेतीन तास लागले. नांदेड ते बंगळूरू विमानाने एक तास वीस मिनिटे. हे आकडे जबाबात घ्यावेत.

तिकीट कोणी काढून दिले ते सांगणार नाही. सून शिवकांता हिला याबाबत काही विचारू नये.

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी माझ्या गळ्यातले इष्टलिंग काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितले. मी म्हणाले, "बाई, हे मेल्यावर पण अंगावरच असतंय. न्हाई निघायचं." रांग खोळंबली. विमान चुकते की काय असे वाटले, पण हात गळ्यावरून काढला नाही. मग त्यांच्या मोठ्या बाई आल्या. आडोशाला नेऊन अंगावरच तपासले आणि म्हणाल्या, "जावा आजी." विमानात शिरताच मी एसटीच्या सवयीने खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला. माणसे हसली, मीही हसले.

फोन विमानात बंद करायला लावला. पुढे दोन दिवस तो मीच बंद ठेवला, हेही खरे आहे.

साडेबाराला उतरले. साडेचारच्या सुमारास स्वामींनी लिंग बांधले तेव्हा बाळ माझ्या मांडीवर होते. एवढा आनंद मला मल्लेशच्या लग्नातही झाला नव्हता, हे त्याच्यासमोर सांगते.

मला कोणाच्या ताब्यात द्यावे असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले, ताब्यात कशाला? घर मला माहीत आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मल्लेश समोरच्या बाकावर बसला आहे. दोन दिवस त्याने दाढी केलेली नाही, अंगात तोच शर्ट आहे. आता त्याने खाली बघत विचारले, "पोरगं कुणावर गेलंय?" आणि साहेबांना म्हणाला, हे लिहू नका. मी म्हणाले, लिहा. मामावर गेले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मल्लेशनेही ऐकला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते.