पाठमोरे घोट

बिअरच्या कारखान्याची फेरी संपवून शिक्षिकाबाई चव घेण्याच्या रांगेत लागल्या. अनोळखी शहरात दिवसभर भटकून पायांचे तुकडे पडले होते. पुढे एक सासरे आणि त्यांची सून.

"मामा, ती भाजलेल्या बार्लीची वाटी सगळ्यांत फिरवायची होती. तुम्ही एकट्यानंच फस्त केलीत!"

"मला वाटलं, आपल्यालाच दिलीय. काय खरपूस होती गं! आणि सकाळपासून तू तीनदा रस्ता चुकलीस, मी बोललो काही?"

"उलट दिवसभर गप्पाच मारल्यात. घरी तर 'दार लाव'च्या पलीकडे बोलत नाही तुम्ही."

"घरी तू कुठे रस्ता चुकतेस?"

काउंटरवर दोन ग्लास आले.

"घे तू. माझ्यासमोर संकोच नको, मी तोंड फिरवतो."

"मग मीही फिरवते. तुम्हीही घ्या."

दोघांनी एकमेकांकडे पाठ केली. बाईंनी उगाचच छताकडे पाहिलं.

"झालं का गं?"

"झालं. वळू?"

"वळ."

"अगंबाई! मामा, मिशीला फेस लागलाय."

"तुझ्याही."

"मला कुठे मिशी आहे?"

"आज आलीय!"