व्याहीणबाईंसाठी चिठ्ठी

विसरवाडीच्या मेडिकलवर बन्सीलाल खोकल्याच्या औषधासाठी उभा होता. पण पुढं गवराबाईंनी दुकानदार धीरजजवळ तोंड उघडलं आणि त्याचा खोकला आपसूक थांबला.

"धीरज, ओठवर फोड देख. आजना आज जावाले पाहिजे. सांजले नातूनं तोंड देखाले जाई ऱ्हायनू."

"दर वरीसले येस तोच हाऊ, काकी. हाई मलम दिवसमां पाच वेळा लावा. पण आजना आज जावाव नही."

"मंग नातूनी पापी?"

"अजिबात नही! चार दिननं पोर. त्याले हाऊ फोड लागना तं जीववर येई."

"मलम लाईसन बी?"

"लाईसन बी. खपली पडीसन कातडी कोरी व्हस तवपावत नही."

"कितला दिन?"

"आठ-दहा."

"म्हणजे दहा दिन व्याहीण एकटीच पाप्या लेई?"

"त्यास्ले फोड कुठे शे, काकी?"

"तुले कोणी इचारं? कागद काढ, दुकानना शिक्का मार. लिख, 'दहा दिन कोणतीच आजीनी पापी लेवानी नही.'"

धीरजनं पेन उघडलं.

"मोठा अक्षरमां लिख," गवराबाई म्हणाल्या. "व्याहीणना चष्मा जाडा शे."