नऊ नंबरच्या वळणावरच्या चपला

नाव वरच्या रकान्यात लिहिलं आहे. वय ५२ वर्षं. धंदा कपड्यांना इस्त्री करण्याचा, दुकान स्वतःचं, बाजाराच्या मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीला लागून. राहणार दुकानाच्या वरच्याच खोलीत. शिक्षण सातवी. फोन दुकानाचा आहे तोच.

मी आज रविवारी सायंकाळी सव्वासहा वाजता आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही. आज दुपारी नवीन सर्किटवर मोटारींची पहिली शर्यत झाली. ती संपल्यावर माझे पती मनाई असलेल्या ट्रॅकवर घुसले, अशी तक्रार सर्किटच्या सुरक्षारक्षकाने दिली आणि चार वाजून वीस मिनिटांनी त्यांना इथे आणलं. पतीने गुन्हा कबूल केला असं मला आल्यावर समजलं. ती कबुली खोटी आहे. ट्रॅकवर आधी मी गेले. ते मला आणायला आले. हे लिहून घ्यावं.

माझे पती रस्त्याच्या कामावर रोलर चालवतात, एकतीस वर्षं झाली. सर्किटचा रस्ता झाला तेव्हा ते सतरा महिने तिथे होते. जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, म्हणजे मजूर ना. मी म्हटलं, रोलर. पुढे लिहा.

येत्या एक तारखेपासून सर्किटवाले त्यांना ट्रॅकच्या देखभालीला कायम ठेवून घेणार आहेत. तसं पत्र आलं आहे, ते दुकानात कॅलेंडरच्या मागे आहे. त्यात अट आहे की नावावर गुन्हा नको. एकतीस वर्षांत त्यांना कायम असं कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या नावावर गुन्हा लागला तरी कपडे चुरगळायचे थांबणार नाहीत, म्हणून मी खोटं बोलते आहे असं कोणाला वाटेल. मी खोटं बोलत नाही. पुढचं ऐकावं म्हणजे कळेल.

ट्रॅकच्या नऊ नंबरच्या वळणावर, बाहेरच्या कडेपासून दोन हात आत, एक खड्डा आहे. खड्डा हा त्यांचा शब्द. साहेबांनी तिथे तीन मीटरची पट्टी ठेवून मोजलं तर तीन मिलिमीटरसुद्धा भरला नाही, आणि कागदावर पास लिहिलं. पती म्हणाले, पट्टीने पास केलं, मी नाही केलं. तो कशाने झाला ते सांगते. गरम डांबरावर रोलर उभा करायचा नसतो. मागेपुढे चालताच ठेवायचा. उभा केला की त्याच्या वजनाने जागा दबते. मला हे शिकवावं लागलं नाही, माझ्या इस्त्रीचंही तेच आहे. एकतीस वर्षांत त्यांनी गरम डांबरावर रोलर उभा केला नाही. एकदाच केला. माझा फोन आला म्हणून केला. कामावर असताना मी कधी फोन करत नाही, म्हणून माझं नाव दिसल्यावर ते थांबले.

फोन कशासाठी केला होता असं विचारलं. सासूबाई गेल्या, हे सांगायला केला होता. पती "बरं" म्हणाले. तेवढाच वेळ रोलर उभा होता. मग पुढचं चाळीस मीटर दाबून घेतलं आणि घरी आले, कारण डांबर कोणासाठी गरम राहत नाही. सासूबाईंनी स्वतः पंचवीस वर्षं रस्त्यांसाठी खडी फोडली. त्यांनीही आधी काम उरकायलाच सांगितलं असतं.

पतीची एक पद्धत आहे. आज दाबलेल्या रस्त्यावर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत ते अनवाणी चालून बघतात. पट्टीला कळत नाही ते तळपायाला कळतं असं त्यांचं म्हणणं. साहेब लोक हसायचे, पण ह्यांनी पाय थांबवला तिथे पट्टी लावून बघायचे. नऊ नंबरवर तेवढं चालायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ते घरी होते. पुढचेही बरेच दिवस घरी होते. कामावर परत गेले तेव्हा तो भाग पट्टे रंगवायला बंद केला होता. पाच महिने झाले. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे. मी म्हणायचे, अहो, तीन मिलिमीटर! ते म्हणायचे, ताशी दोनशेने येणाऱ्या चाकाला तीन पुष्कळ.

शर्यतीचे दोन पास कंपनीने दिले. मुख्य गॅलरीचे होते. तिथे सावली होती, पंखे होते, जिंकणाऱ्याला कप देतात ते समोर दिसतं. ह्यांनी ते बदलून नऊ नंबरच्या वळणाचे आणले. तिथे पत्रासुद्धा नाही. मी बरीच तणतणले. मग छत्री घेतली.

आम्ही बारा वाजून चाळीस मिनिटांनी जागेवर बसलो. गॅलरी खचाखच भरली होती. आमच्या मागे सहा कॉलेजच्या मुली, गालांवर रंग लावलेल्या. माझ्या डावीकडे एक टोपीवाले गृहस्थ, साठीचे, कानांवर आवाज अडवायची डबडी, मांडीवर वही, त्यात प्रत्येक फेरीची वेळ लिहीत होते. त्यांनी कुठल्या कुठल्या देशांतल्या शर्यती पाहिल्या आहेत ते मला न विचारता सांगितलं. गाड्या लावायची जागा लांब, पाण्याची रांग मोठी, खुर्ची अरुंद, सगळ्याला नाकं मुरडून झाली. मी ऐकून घेतलं, खुर्ची काही आम्ही केली नव्हती. मग ते म्हणाले, "हा रस्ता बघा तुम्ही, तासाभरात उखडणार. नव्याचं असंच असतं. आणि आपल्याकडे कामं कशी होतात ते माहितीच आहे. सगळ्यात आधी हे समोरचं वळण जाईल." माझं पित्त खवळलं. पतीने माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हणून मी गप्प राहिले. रस्ता उखडला तर आम्ही कुठे बघायचं एवढंच डोक्यात होतं.

दोन वाजता शर्यत सुटली. आवाज छातीत बसतो, कानात नाही. मुली उभ्या राहून किंचाळत होत्या, मीही किंचाळले. गाड्या आल्या की अख्ख्या गॅलरीच्या माना डावीकडून उजवीकडे जायच्या. पतीची मान जायची नाही. ते एकाच जागेकडे बघत होते. मागच्या एका मुलीने विचारलं, "काका, तुमची गाडी कोणती?" ते म्हणाले, "माझी गाडी नाही यात." ती म्हणाली, "मग बघता काय?"

गाड्या नेहमी आतल्या बाजूने वळत होत्या, त्या जागेवर चाक जात नव्हतं. सत्तावीस फेऱ्या अशाच गेल्या. अठ्ठाविसाव्या फेरीला पांढरी गाडी आतून होती, लाल गाडी तिला मागे टाकायला बाहेरून आली. टोपीवाले ओरडले, "वेडा आहे! गेला, घसरला!" लाल गाडीची उजवी चाकं बरोबर त्या जागेवरून गेली. मी बघितलं नाही, डोळे मिटले होते. पतीने बघितलं. डोळे उघडले तेव्हा लाल गाडी पुढे होती आणि लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचत होते. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. टोपीवाल्यांच्या हातातून पेन्सिल पडली. ते म्हणाले, "बाहेरून! अशा जागी बाहेरून! काय पकड आहे हो रस्त्याला, काय पकड आहे!"

तेव्हा मी तोंड उघडलं. मी म्हटलं, "हा रस्ता ह्यांनी केलाय." ते म्हणाले, "कोणी?" मी म्हटलं, "ह्यांनी. रोलर ह्यांचा होता. तुमच्या समोरचं अख्खं वळण ह्यांनी दाबलंय." पती म्हणाले, "अगं, गप." मी गप्प बसले नाही, आजवर पुष्कळ बसले आहे. मुलींनी ते मागे सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागे सांगितलं. लोक वाकून वाकून ह्यांच्याकडे बघू लागले. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मग मुलींनी सुरू केलं, "नऊ नंबर! नऊ नंबर!" आणि सगळी गॅलरी ओरडायला लागली. ह्यांनी मान खाली घालून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. टोपीवाल्यांनी टोपी काढली आणि शर्यत संपेपर्यंत मांडीवरच ठेवली, उन्हात. मला फार अभिमान वाटला. हा शब्द लिहावा, सोडू नये.

तीन वाजून सदतीस मिनिटांनी शर्यत संपली. रस्ता कुठेही उखडला नव्हता. ही वेळ टोपीवाल्यांच्या वहीतली आहे. शेवटची गाडी आत गेल्यावर लोक हळूहळू उठू लागले. आमच्या गॅलरीच्या पायथ्याशी एक लोखंडी फाटक आहे. त्याला कुलूप नाही, कडी आहे, ती वर उचलून गुडघ्याने ढकलावी लागते. काम चालू असताना सतरा महिने दुपारचा डबा घेऊन मी त्याच फाटकातून जात होते. आज पायऱ्या उतरले तशी कडी उचलली, गुडघा लावला आणि आत गेले. पाटी लावली आहे हे मला आज इथे समजलं. मी पाट्या वाचून तिथे कधी गेले नव्हते. आत गेल्यावर चपला काढल्या, कारण ह्यांच्या रस्त्यावर चपला घालून गेलेलं ह्यांना आवडत नाही, काम चालू असताना तशी सवय लागली होती. तीन वाजून पंचावन्न मिनिटं झाली असतील.

त्या जागेजवळ जाऊन मी हाक मारली, "अहो, या. आज चालून घ्या." ते गॅलरीतून ओरडले, "अगं, बाहेर ये! पकडतील!" मी हलले नाही. मग ते आले. मला दंडाला धरून बाहेर काढायलाच आले होते. मी म्हटलं, आलाच आहात तर बूट काढा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बूट काढले.

रस्ता तापला होता. ते डोळे मिटून चालले, पाय हळूहळू टाकत, एकदा जाऊन एकदा परत. परत येताना डावा पाय थांबला. म्हणाले, "आहे." मी म्हटलं, "केवढा?" म्हणाले, "एवढासा." आणि खाली बसले, तळहात त्या जागेवर ठेवून. सुरक्षारक्षकाने तक्रारीत लिहिलं आहे की इसम ट्रॅकवर बसून संशयास्पदरीत्या रस्ता चाचपत होता. चाचपत नव्हते. हात ठेवून बसले होते. त्यांना मी आत्ताच आई गेल्याचं सांगितलंय, असे बसले होते. पाच महिन्यांपूर्वी बसायला वेळ नव्हता.

तक्रारीत असंही आहे की इसमाने जमावाला चिथावलं. जमाव म्हणजे गॅलरीत उरलेली माणसं. त्यांनी ह्यांना खाली बसलेलं बघितलं आणि पुन्हा "नऊ नंबर" सुरू केलं, टाळ्या वाजवल्या. ह्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. रक्षक शिटी वाजवत आला आणि कोण आधी घुसलं असं ओरडला. पती उठून म्हणाले, "मी. ही मला न्यायला आली." माझ्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि बोलता येत नसताना बोलले. नोकरीची गोष्ट तेव्हा त्यांच्या लक्षात होती. मी बघत होते, होती.

फाटकाशी सापडलेल्या म्हणून टेबलावर ठेवलेल्या दोन चपला माझ्या आहेत. डाव्या चपलेच्या पट्ट्याला पांढऱ्या दोऱ्याचा टाका आहे, तो मीच घातलेला. पतीचा पाय त्यात टाचेपर्यंतही जाणार नाही. मॅडमसमोर मी पाय घालून दाखवला, बरोबर बसला. फाटकाशी माझ्या चपला होत्या, ह्यांचे बूट आत ट्रॅकवर होते. कोणाला आणायला धावणारा माणूस फाटकाशी थांबून चपला काढत नाही. म्हणजे फाटकातून आधी कोण गेलं ते चपलाच सांगतात. माझे तळपाय पोळले आहेत, डॉक्टरला दाखवायचं नाही.

बाहेर बाकावर टोपीवाले गृहस्थ आणि त्या सहा मुली बसल्या आहेत. त्यांनाही कोणी बोलावलेलं नाही. टोपीवाले म्हणतात त्यांच्या वहीत वेळ आहे, मुली म्हणतात त्यांच्या फोनमध्ये फाटकातून आधी काकू जाताना दिसतात. त्यांचे जबाब घ्यावेत. चूक माझी आहे, दंड काय असेल तो माझा. फाटकाला कुलूप लावावं, हेही लिहावं.

हा जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, पतीनेही तो ऐकला. सगळं मी सांगितलं तसंच आहे, एक जागा सोडून. पतीच्या धंद्यापुढे 'मजूर' असं टंकलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि 'रोलरचालक, वळण क्रमांक नऊ' असं लिहून घेतलं. वळणाचा नंबर धंद्यात येत नाही असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, येतो. शेजारच्या खोलीतून पती म्हणाले, "मॅडम, लिहा हो."

खोडलेल्या जागी माझी सही आहे, आणि खाली आहे.