गुळगुळीत पेशी

मिस्त्री : हात तर फिरवून बघा, बाई! लोण्यासारखं केलंय. तीन दिवस घासत होतो.

बाई : कशाला घासलंत हो!

मिस्त्री : घ्या! चाळीस वर्षं सुतारकाम करतोय, गुळगुळीत केलं म्हणून भांडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय.

बाई : मिस्त्री, माझ्या वर्गातल्या मुलींना दिसत नाही. या लाकडी पेशीचा प्रत्येक भाग त्यांना बोटांनी ओळखायचाय. या दोन जाळ्या चाचपा. फरक कळतोय?

मिस्त्री : छे! जुळ्या बहिणी. याला म्हणतात हात!

बाई : डोंबल! यातली एक खडबडीत हवी. तिच्यावर दाणे असतात, रायबोसोम. तिथं प्रथिनं बनतात. दुसरी गुळगुळीत, तिथं चरबी बनते. चित्रात ठिपके काढून दिले होते ना मी?

मिस्त्री : कोरले होते की! बायको म्हणाली, "लाकडाला गोवर आलाय का?" लाज वाटली, घासून टाकले.

बाई : धन्य आहात! बाकीचं तरी ठीक आहे ना? केंद्रक?

मिस्त्री : मालक? सगळे हुकूम तिथून सुटतात म्हणालात, म्हणून शिसवी केलाय. ऊर्जा देणाऱ्या त्या तंतुकणिका, आतल्या घड्यांसकट. आणि लयकारिका, येईल ते पचवणारी, ती मेव्हण्याकडे बघून केली. गोल गरगरीत.

बाई : हसवू नका हो. तासाभरात परीक्षक येतायत. गेल्या वर्षी म्हणाले, "आकृतीचा प्रश्न राहू द्या, बिचाऱ्यांना पास करून टाकतो." पोरी पास झाल्या आणि ढसाढसा रडल्या. यंदा मी भांडून तो प्रश्न मागून घेतलाय.

मिस्त्री : बिचाऱ्या म्हणाला?

बाई : तोंडावर.

मिस्त्री : सरका. सरस द्या इकडे. आणि तो पॉलिशपेपर.

बाई : परत घासताय?

मिस्त्री : घासतोय कुठं, एका जाळीवर कागदच चिकटवतोय. घ्या, दाणेच दाणे! आता बायको काही का म्हणेना. आणि बाई, साहेब आले की आधी त्यांचे डोळे बांधा.

बाई : चावट आहात! ...रुमाल आहे का स्वच्छ?

(तासाभरानं. परीक्षकांच्या डोळ्यांवर मिस्त्रींचा रुमाल.)

परीक्षक : हे... केंद्रक?

विद्यार्थिनी : नाही, सर.

परीक्षक : मग हे खरखरीत? काहीतरी... छे, मला नाही कळत.

विद्यार्थिनी : पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघड जातं, सर. बोट द्या इकडे.