उसना दंड

फिजीत, सुवा शहरातल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोन विद्यार्थी बसले होते. एक आडदांड, दुसरा काटकुळा. आते-मामे भाऊ; इथे असे भाऊ एकमेकांना मेव्हणाच म्हणतात.

"मेव्हण्या, माझं नाव पुकारलं की तू आत जा. ब्लडप्रेशर मोजतील, फॉर्मवर सही करतील, झालं," आडदांड म्हणाला.

"आणि तुझंच मोजलं तर?"

"तर संघातून नाव कटलं. बाजारातल्या शिबिरात मोजलं, तेव्हा नर्सच घाबरली."

"डब्यातलं खारं मांस चापतोस, रात्र रात्र यांगोना ढोसतोस. दुसरं काय होणार?"

"रग्बी खेळतो म्हणून फी माफ आहे. संघ गेला की शिक्षण गेलं."

"मामाला अर्धांगवायू झाला तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता, वाइसाके."

"बाबांना अजून आई भरवते. मग घर कोण चालवणार? तू?"

"गेल्या वर्षी एपेलीसाठीही मीच आत गेलो होतो."

"माहितेय."

"मैदानातच कोसळला तो. दफनाच्या दिवशी त्याच्या आईनं मला मिठी मारली. म्हणाली, तूच त्याचा खरा मित्र."

"तो एपेली होता. मला काही होत नाही."

"त्यालाही काही होत नव्हतं."

"जाणारेस की नाही, तेवढं सांग."

नर्स दारात आली. "वाइसाके रावुलो!"

काटकुळा बाही वर सारत उठला.