एसेनकुलच्या नावची सुई

(नारीन शहराजवळच्या एका डोंगराळ गावातला दवाखाना. मार्च महिना.)

डॉ. बुरुल : हा नव्हे काका, डावा दंड दाखवा. मागच्या आठवड्यात सातवी सुई डावीकडे दिली. कोंबडीच्या अंड्याएवढी सूज आली, असं नर्सबाईंनी लिहिलंय.

एसेनकुल : उतरली.

डॉ. बुरुल : टोचल्याची खूणसुद्धा राहू नये इतकी?

एसेनकुल : माझं अंग पहिल्यापासून ठणठणीत. घोडा जवळ आला की तेवढं बिघडतं. शिंका, डोळ्यांना पाणी, मग दम.

डॉ. बुरुल : आणि तुम्ही पाळता काय, तर घोडे.

एसेनकुल : मग काय मांजरी पाळू? तुझ्या बापाला घोड्यावर बसायला मी शिकवलं, पोरी. टोच आठवी आणि मोकळं कर. मे महिन्यात घोड्या घेऊन वरच्या कुरणावर जायचंय.

डॉ. बुरुल : बात्माकाकू, दारात का उभ्या? आत या. यजमानांची सूज कधी उतरली हो?

बात्मा : यांना कुठली सूज? सूज आली शामशीला. अजून हात वर होत नाही मेल्याचा, टोपीसुद्धा बायको घालते.

डॉ. बुरुल : शामशी कोण?

एसेनकुल : धाकटा भाऊ. बात्मा, तू बाहेर बस बरं.

बात्मा : आता बाहेर बसून काय उपयोग? सांगून टाका एकदाचं.

एसेनकुल : हे बघ पोरी, त्या दिवशी गावाची मेंढरं चारायची पाळी आमच्या घराची होती. मी गेलो मेंढरांमागे. इकडे सुईची वेळ झालेली. म्हटलं, शामशी, तू जाऊन ये.

डॉ. बुरुल : तुमची सुई घ्यायला?

एसेनकुल : नाव माझंच सांगितलं त्याने. नावात चूक नाही केली.

डॉ. बुरुल : आणि नर्सबाईंना पत्ता लागला नाही?

बात्मा : तिघा भावांचं नाक एकच आहे. लग्नानंतर महिनाभर मी भलत्यालाच चहा नेऊन देत होते.

डॉ. बुरुल : तिघा? म्हणजे आणखी एक आहे?

एसेनकुल : कादिर. चौथी आणि पाचवी त्याने घेतली.

बात्मा : सहावीपण शामशीचीच. घोडी व्यायला झाली होती, हे तबेल्यातून हलेनात.

एसेनकुल : पहिल्या तीन मात्र मी जातीने घेतल्या.

डॉ. बुरुल : पण का, काका?

एसेनकुल : मेंढरांच्या पाळीला कोण आलं, ते कुणी विचारतं का? घरातलं एक माणूस गेलं की पाळी भरली. मला वाटलं, सुयांचंही तसंच. तुझ्या वहीत खाडा पडला नाही म्हणजे झालं.

डॉ. बुरुल : या लशीत घोड्याच्या अंगावरचा कोंडा असतो. आधी अगदी नावापुरता, मग दर आठवड्याला थोडा जास्त. तुमच्या अंगाला घोड्याची हळूहळू सवय व्हावी, अंगाने चवताळणं सोडावं, यासाठी हा खटाटोप. तुमची सवय तिसऱ्या सुईलाच थांबली. ही आठवी आत्ता टोचली असती, तर या खुर्चीतून उठला नसता तुम्ही.

एसेनकुल : एका सुईने?

डॉ. बुरुल : एका सुईने. कादिरकाकांना काही झालं का?

एसेनकुल : त्याला घोड्याचा त्रास कधीच नव्हता.

बात्मा : आता तर मुळीच व्हायचा नाही.

डॉ. बुरुल : शामशीकाकांना आजच इकडे पाठवा. एवढी सूज आली म्हणजे त्यांचीही तुमच्यासारखीच गत असायची. तपासायला हवं.

एसेनकुल : अगं, परवा तो शर्यतीचा घोडा विकत आणतोय.

डॉ. बुरुल : मग आत्ताच पाठवा. आणि तुमचं पुन्हा पहिलीपासून.

एसेनकुल : मग मे महिना?

डॉ. बुरुल : मे विसरा. हा उन्हाळा खाली काढायचा, घोड्यांपासून लांब. पुढच्या वर्षी बघू.

एसेनकुल : सात वर्षांचा होतो तेव्हापासून एक उन्हाळा चुकवलेला नाही मी. घोड्या वर निघतील आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघू? नाही जमायचं, पोरी. जीव तुटेल माझा. तू आपली चौथी दे, पुढचं मी बघतो.

बात्मा : घोड्या कादिर नेईल. नाहीतर मी नेईन.

एसेनकुल : लोक नावं ठेवतील.

बात्मा : ठेवू देत. आजवर तुमच्याऐवजी मेंढरांमागे गेले, लोकांच्या लग्नाला गेले, मयताला गेले. कधी कुरकुरले का? पण गेल्या उन्हाळ्यात तंबूत तुम्ही निळे पडलात, तेव्हा तुमच्याऐवजी मला श्वास नाही घेता आला. नुसती धरून बसले होते तुम्हाला. भीती वाटते हो मला.

डॉ. बुरुल : काका?

एसेनकुल : पहिलीची बाटली काढ, पोरी. बात्मा, या बाहीचं बटण काढ गं. माझ्याने निघत नाहीये.