ट्यूबची तक्रार

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं नंबरची वाट बघत होतं.

"अगं, ती वरची ट्यूब लुकलुकतेय की माझे डोळे?"

"ट्यूबच लुकलुकतेय."

"मग वही काढ. तक्रार लिही."

"आमदारकी जाऊन दहा वर्षं झाली, पण तुमच्यातला नगरसेवक काही जात नाही."

"नगरसेवक होतो तेव्हा लोक थेट स्वयंपाकघरात येऊन भांडायचे. आमदार झालो आणि चिठ्ठ्या पाठवायला लागले."

"म्हणून विधानसभेतल्या पहिल्याच भाषणात आपल्या गल्लीतल्या बंद दिव्याचा विषय काढलात? अख्खं सभागृह हसलं."

"तू होतीस ना वर गॅलरीत? तू हसलीस?"

"मी कशाला हसू? त्या अंधारातून कामावरून मीच तर यायचे."

"म्हणूनच काढला. लिहिलंस? आता सही घे. शेजाऱ्याच्या सहीशिवाय मी एकही तक्रार पुढे नेलेली नाही."

आजींनी वही माझ्यापुढे धरली. वर ट्यूब लख्ख, स्थिर जळत होती.

"तुम्हालाही लुकलुकताना दिसतेय ना?" आजोबांनी विचारलं.

"हो, मघापासून," म्हणत मी सही केली.